सातशे त्र्याहत्तर खाचा

त्या शाळेच्या फाटकाला कुलूप नव्हतं, रखवालदारही नव्हता, आणि याचा हेडसरांना कोण अभिमान! पाहुणा आला की ते एका बोटानं फाटक ढकलून दाखवायचे. "बघा, सताड उघडं. ज्याला जायचंय त्यानं खुशाल जावं." मग खिशातून पेपरमिंटची गोळी काढून पाहुण्याच्या तळहातावर ठेवायचे.

कुलूप होतं, पण ते करारात होतं. कलम सात. नव्या मास्तरानं पाच वर्षांच्या करारावर सही करायची, आपली मूळ प्रमाणपत्रं हेडसरांच्या लोखंडी कपाटात ठेवायची, आणि शाळेतल्याच कोणाला तरी जामीन म्हणून उभं करायचं. मास्तर मुदतीआधी निघून गेला, तर त्याचे उरलेले दिवस जामिनाच्या करारावर चढायचे. जामिनानं तेवढे दिवस जास्त राबायचं, आणि स्वतःच्या तासांबरोबर गेलेल्याचेही तास घ्यायचे, पगार तोच. शिवणबाईंनी एकदा भूगोलाच्या मास्तरावर विश्वास टाकला होता. तो भावाच्या लग्नाला म्हणून गेला तो गेलाच. आता बाईंना एकसष्टावं लागलं होतं. सुईत दोरा ओवायला त्या मुलींना हाका मारत, आणि दुपारी नकाशावर काठी ठेवून स्वतःला न दिसणाऱ्या नद्या दाखवत.

म्हणजे पहारा होताच. फक्त तो ज्याच्या त्याच्या जवळच्या माणसाकडे होता. हेडसरांनी स्वतः आजवर कोणावर आवाजसुद्धा चढवला नव्हता. त्यांना गरजच पडली नव्हती.

गणिताच्या मास्तरांचा जामीन त्यांचा सख्खा मेहुणा होता. बायकोचा थोरला भाऊ, दादा. दादा त्याच शाळेत सुतारकाम शिकवायचा, आणि बहिणीचा संसार उभा राहावा म्हणून त्यानं जामिनाच्या रकान्यात कानावरच्या पेन्सिलीनं सही ठोकली होती. दादाच्या शब्दावर मास्तरांना मैदानापलीकडच्या वर्कशॉपवरची खोली मिळाली. फळ्यांच्या फटीतून भुसा वर यायचा. तो अंथरुणावर बसायचा, भांड्यांवर बसायचा आणि मास्तरांच्या बायकोच्या छातीत जाऊन बसायचा. खोकून खोकून ती वाकायची. खाली दादा करवत थांबवून विचारायचा, "अगं, पाणी प्यायलीस का?" आणि उत्तर आलं की पुन्हा करवत सुरू.

दादाची बायको आणि दोन मुली सहा तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावात होत्या. त्याच्या बायकोनं तिथं एक गाळा घेऊन ठेवला होता, आत एक करवतयंत्र पांघरूण घालून उभं होतं. दादा रोज संध्याकाळी आपल्या कामाच्या बाकाच्या कडेला पटाशीनं एक खाच मारायचा. पाच वर्षांच्या खाचा. बाकाची कड करवतीच्या दातांसारखी झाली होती. आता अकरा खाचांची जागा उरली होती.

आणि तेव्हाच नदीपलीकडच्या मोठ्या शाळेचं पत्र मास्तरांना आलं. गणित विभागप्रमुख. राहायला दोन खोल्या, खाली वर्कशॉप नाही. सोमवारी दुपारी बाराच्या आत मूळ प्रमाणपत्रांसह हजर व्हावं, नाहीतर पुढचा उमेदवार.

मास्तर आधी गणित मांडणारे आणि मग विचार करणारे. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने केले. एकात बायकोचा खोकला, दोन खोल्या आणि 'विभागप्रमुख', आणि हा शब्द त्यांनी जरा ठसठशीत लिहिला. दुसऱ्यात दादा, आणि आपले उरलेले सातशे बासष्ट दिवस. दुसऱ्या रकान्याखाली त्यांनी लिहिलं, 'रविवारी सांगू, जेवण झाल्यावर.' आणि कागदाची घडी केली. बेरीज काही त्यांनी केली नाही.

शुक्रवारी सकाळी राजीनामा हेडसरांच्या टेबलावर ठेवला.

"अहो, आनंदाची गोष्ट! घ्या, गोळी घ्या." हेडसरांचा चेहरा खरोखरच फुलला. "दादांना माहीत आहे?"

"रविवारी सांगणार आहे, सर. तोपर्यंत जरा..."

"छे छे. मला कसली घाई? घरातल्या गोष्टी घरातल्यांनीच सांगाव्यात."

तिसऱ्या तासाला सूचनावही निघाली.

ही वही रोज निघायची. शिपाई ती घेऊन वर्गावर्गांतून फिरायचा. मास्तरानं सूचना मुलांना वाचून दाखवायची आणि शेजारी सही करायची. सहीचा अर्थ 'वाचले व मान्य', आणि वहीत आलं ते झालं, हे हेडसरांचं लाडकं वाक्य. पण शिपाई दारात पाय बदलत उभा, मागच्या बाकांवर गोंधळ माजलेला, कोण आधी वाचतो? सगळे आधी सही करायचे आणि मग वाचायचे. सगळे म्हणजे सगळे. दादानंही कानावरची पेन्सिल काढली, सही मारली, आणि तीस पोरांच्या करवती थांबवून मोठ्यानं वाचायला लागला.

"एक. पाण्याच्या टाकीवर चढू नये. दोन. उद्या नखं तपासली जातील. तीन. गणिताचे मास्तर सोमवारपासून येणार नाहीत. त्यांचे सातशे बासष्ट दिवस कलम सातप्रमाणे सुतारकामाच्या..."

मैदानाच्या या बाजूला मास्तर फळ्यावर वर्तुळ काढत होते. त्यांना एवढंच कळलं की करवतींचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरूच झाला नाही. त्यांनी खिडकीतून पाहिलं. दादा मैदान ओलांडून येत होता. पळत नव्हता. हातात लाकडी हातोडा होता, खुंट्या ठोकायचा, नारळाएवढ्या तोंडाचा. मास्तरांचा खडू काही फळ्यावरून हलला नाही. वीस वर्षांची सवय. वर्तुळ अर्धं सोडवत नाही.

"जावईबापू," दादा दारातून म्हणाला. आवाज गोड. हा शब्द त्यानं लग्नानंतर कधी वापरला नव्हता. "माझे किती दिवस राहिलेत हो?"

"दादा, मुलं आहेत."

"मग मुलांनाच विचारू की. तुम्ही शिकवलेली आहेत. सांगा रे, अकरा अधिक सातशे बासष्ट?"

पहिल्या बाकावरची हुशार मुलगी सवयीनं उभी राहिली. "सातशे त्र्याहत्तर, सर."

"शाब्बास, बस खाली," दादा म्हणाला, आणि पहिला घाव घातला.

हातोडा मास्तरांच्या उजव्या मनगटावर बसला. मनगट आणि फळा यांच्यामध्ये कुठंतरी वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. खडूचा चुरा झाला आणि मास्तर त्या चुऱ्याकडेच बघत राहिले, कारण दुखणं अजून वाटेत होतं. ते पोचलं तेव्हा ते गुडघ्यावर आले. दादानं त्यांची मानगूट धरून कपाळ फळ्याखालच्या खडूच्या पट्टीवर आपटलं. एकदा. भुवई फाटली. दुसऱ्यांदा. पुढचा दात पट्टीवर राहिला, खडूच्या तुकड्यांत खडूसारखाच.

"मी तुला खोली दिली! बहीण दिली! सही दिली!" दर वस्तूमागं एक गुद्दा. "आणि तू मला टाकीवर चढू नये आणि नखं कापावीत यांच्या खाली लिहून पाठवतोस?"

"मी नाही लिहिलं!"

"मग सांगितलं का नाहीस?"

मास्तरांच्या डाव्या हाताला फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास लागला, हातभर लांब, टोकाला लोखंडी अणी. त्यांनी तो आंधळेपणानं पुढं खुपसला. अणी दादाच्या मांडीत दोन बोटं रुतली. दादा ओरडला नाही. त्यानं खाली बघितलं, कंपास उपसून काढला, गुडघ्यावर आपटून त्याचे दोन तुकडे केले, आणि त्यातल्या एकानं मास्तरांच्या पाठीवर वळ उठवायला सुरुवात केली. पोरं बाकांवर चढली होती. काही रडत होती, काही मोजत होती. गणिताचा वर्ग होता तो.

"अरे वा," दारातून हेडसर म्हणाले. "झालं का? दोघंही कार्यालयात या. आणि मुलांनो, फळा पुसून घ्या."

कार्यालयात त्यांनी दार लावून घेतलं. एका खुर्चीत मास्तर, मोडलेला हात मांडीवर परक्याच्या सामानासारखा ठेवून. दुसऱ्या खुर्चीत दादा, बुटात रक्त उतरतंय, हातोडा अजून मुठीत. मध्ये टेबल, टेबलावर गोळ्यांची काचेची बरणी.

"ही घरगुती बाब आहे," हेडसर म्हणाले. "शाळा यात पडणार नाही."

"राजीनामा मागं घेतो," मास्तर म्हणाले. दात गेल्यामुळं शब्द शिट्टीसारखे येत होते.

"आता कसा घ्याल? सूचना फिरली. सगळ्यांच्या सह्या झाल्या. दादांचीसुद्धा आहे, पेन्सिलीनं आहे पण आहे. वहीत आलं ते झालं." त्यांनी मान कलती केली. "तुम्ही कशाला काळजी करता? सोमवारी सकाळी प्रमाणपत्रं घेऊन जा. तुम्ही सुटलात."

हे खरं होतं. मास्तर सुटले होते. नदीपलीकडं दोन खोल्या त्यांची वाट बघत होत्या, आणि मोडलेला हात सहा आठवड्यांत भरून येतो हे त्यांना माहीत होतं. सातशे त्र्याहत्तर दिवस कुठं भरून येतात? गाळ्यातलं ते यंत्र पांघरुणाखाली गंजणार होतं. तोवर दादाची मोठी मुलगी शाळा संपवून बाहेर पडणार होती.

मग त्यांना कलम अकरा आठवलं. सुरुवातीच्या काळात कोणा मास्तरानं धमकी दिली होती, तेव्हा हेडसरांनी घाबरून ते घातलं होतं: मुख्याध्यापकांच्या अंगावर हात टाकणारा त्याच क्षणी बडतर्फ, प्रमाणपत्रावर तसा शिक्का, अशा इसमाचा एक दिवसही शाळेला नको, त्याच्या नावावरचे उरलेले सर्व दिवस, जामिनाकडं गेलेले असले तरी, रद्द. मास्तरांचं डोकं ठणकत होतं, पण गणित स्वच्छ सुटलं. दादानं मारायचं. दादा बडतर्फ, दिवस रद्द. गाळ्यात खुर्च्या बनवणाऱ्याला प्रमाणपत्र कोण विचारतो? आणि आपण सोमवारी बाराला नदीपलीकडं. दोन्ही रकाने जुळतात.

"दादा," ते कुजबुजले. "मार त्याला. कलम अकरा. मार, सुटशील."

हेडसरांनी ऐकलं. ते जागचे हलले नाहीत. उलट चष्मा काढून टेबलावर ठेवला, चेहरा पुढं केला.

दादा उठला. हातोडा खांद्याच्या वर गेला. मघाशी हाच हात कसा सरसर चालला होता! मेहुण्याचं मनगट, मेहुण्याची भुवई, मेहुण्याचा दात. काही म्हणून अडलं नव्हतं. आता तो हात वरच्या वर थांबला, आणि मग हळूहळू, जड पाटी उतरवावी तसा खाली आला.

"सर," दादा म्हणाला. "सर, माझ्या मुली... काही तरी कमी करा ना, सर."

"घ्या, गोळी घ्या," हेडसर म्हणाले.

आणि दादानं हात पुढं केला. मेहुण्याच्या रक्तानं माखलेला तो तळहात, शहाण्या मुलासारखा उघडलेला. हेडसरांनी त्यावर पेपरमिंटची गोळी ठेवली.

मास्तरांना पुढं कोणी विचारलं की नोकरीवर पाणी का सोडलंत, तर ते बायकोचं, दादाचं, न्यायाचं असं काय काय सांगायचे. खरं कारण ती गोळी. ती त्यांना बघवली नाही.

त्यांनी दादाच्या ढिल्या मुठीतला हातोडा डाव्या हातानं घेतला आणि टेबलावरून वाकून हाणला. डावा हात तो. नाकाच्या रोखानं निघालेला घाव जबड्यावर बसला. हेडसर खुर्चीसकट कपाटावर गेले. बरणी फुटली, गोळ्या फरशीवर टणाटण उडाल्या.

हेडसर कपाटाला धरून उठले. तोंडातून रक्ताची लाळ लोंबत होती. पण माणूस पक्का. "काही झालेलं नाही," ते म्हणाले. "मी दाराला आपटलो. कोणी मला मारलेलं नाही. दोघांच्या नावचे दिवस कायम."

"असं का?" मास्तर म्हणाले. "मग दार पुन्हा आपटतंय."

दुसरा घाव खांद्यावर. हेडसर भिंतीशी घसरले. "दार," ते दात आवळून म्हणाले. तिसरा गुडघ्यावर, आणि या वेळी आतून टचकन आवाज आला. हेडसर आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं ओरडले. ओरडून झाल्यावर पुन्हा म्हणाले, "दारच!"

मास्तरांच्या हातात जोर उरलाच नाही. ते भिंतीला टेकून धापा टाकू लागले. चौथा घाव घालायचा तर खून पडला असता, आणि खुनासाठी करारात कलम नव्हतं.

तेवढ्यात खरं दार उघडलं. सूचनावही परत करायला शिवणबाई आल्या होत्या, आणि तिन्ही घाव त्यांनी दाराबाहेरून ऐकले होते. शिपाई मुलांना पांगवायला गेला होता. त्यांनी फुटलेली बरणी बघितली, हातोडा बघितला, खाली बसलेल्या हेडसरांकडं चष्मा सावरून निरखून बघितलं.

"बाई, मी दाराला आपटलो," हेडसर म्हणाले.

"दिसतंय ना," बाई म्हणाल्या. खुर्ची ओढून बसल्या, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "दाराची नेमणूक कोणत्या विषयाला होती म्हणायची? गणित ना?"

"बाई!"

"थांबा हो सर, मला लिहिताना दिसत नाही नीट, त्यात तुम्ही बोलताय." आणि मोठ्या, टाके घातल्यासारख्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: 'चार. गणिताच्या मास्तरांनी आज हेडसरांना तीन वेळा मारले. कलम अकराप्रमाणे ते बडतर्फ. त्यांचे सर्व दिवस रद्द.' खाली आपली सही केली. मग दारातून मान बाहेर काढून शिपायाला हाक मारली. "अरे, एक राहिली होती सूचना. फिरव."

हेडसर फरशीवरून सरपटत दाराकडं निघाले. दादाला मारता आलं नव्हतं, पण बसता आलं. तो दारात फतकल मारून बसला, मांडीतून रक्त गळत, गालात गोळी. एवढा दांडगा माणूस दारात बसला की कार्यालयाला दार नव्हतंच म्हणायचं.

मग चौघंही ऐकत राहिले. आधी काहीच नाही. मग टोकाच्या वर्गातून आरोळी आली, छप्पर उडेल अशी. मग शेजारच्या वर्गातून. मग जिन्यावरच्या. मास्तर आणि बाया नेहमीप्रमाणं आधी सह्या करत होते, मग वाचत होते, आणि वाचून झाल्यावर पांढऱ्याफटक चेहऱ्यानं शिपायाकडं बघत होते. पण वही तोवर पुढच्या वर्गात. एकेका आरोळीसरशी हेडसरांची मान छातीवर जात होती. नऊ वर्ग, नऊ सह्या, वाचले व मान्य. चारशे पोरं हे संध्याकाळी घरोघर सांगणार होती. आता दार म्हणून कोणाला पटलं असतं?

हेडसरांनी शेवटी कपाट उघडलं. मास्तरांची पदवी काढली, लाल शाईचा शिक्का काढला आणि पदवीवर आडवा मारला: बडतर्फ. मग, पहिला नीट उमटला होता तरी, दुसरा मारला. करारात हे त्यांच्या हातात होतं, आणि त्यांनी ते मनापासून केलं. तो कागद घेऊन नदीपलीकडंच काय, कुठल्याच शाळेच्या फाटकातून आत जाता येणार नव्हतं.

दुपारी वर्कशॉपमध्ये दादानं दोन पातळ फळ्या रंधून घेतल्या. कडा काचेच्या कागदानं घासून गुळगुळीत केल्या, टोचू नयेत म्हणून. मास्तरांचं मनगट बाकावर ठेवून दोन्ही बाजूंनी फळ्या लावल्या आणि सुतळीनं बांधायला लागला. मास्तर शिव्या देत होते, दादा "झालं, झालं" म्हणत होता. सुतारकामात आयुष्य गेलेलं, पण इतकं हळुवार काम त्यानं कधी केलं नसेल.

जिन्यावरून मास्तरांची बायको उतरली. सगळं तिला मुलांकडून कळलं होतं, आणि दोन रकान्यांचा तो कागदही तिला खोलीत सापडला होता. तिनं आधी हात बघितला.

"हा कोणी मोडला?"

"मी," दादा म्हणाला.

तिनं सणसणीत वाजवली. भुशाचा धूर उठला दादाच्या गालावरून.

"आणि दादाची मांडी?"

"मी," मास्तर म्हणाले, आणि फुटक्या तोंडावर तेवढीच सणसणीत खाल्ली.

मग ती दोघांच्या मध्ये बाकाला धरून खोकत राहिली, बराच वेळ. खोकला थांबल्यावर म्हणाली, "रविवारी सांगणार होतास म्हणे. जेवण झाल्यावर. जेवायला काय करू, ते तरी सांगायचंस." "आता सोमवारी कुठं जायचं?"

"सोमवारी नाही," दादा खाली बघत म्हणाला. "अकरा दिवसांनी. माझ्याकडं. गाळ्याच्या मागं एक खोली आहे, भुशापासून लांब. नसेल लांब तर भिंत घालतो."

"आणि हा तिथं काय करणार?"

"मापं घेईल. मापं चुकली की मला हातोडा घेऊन शिकवता येईल."

ती हसली नाही. पण तिनं पदरानं आधी नवऱ्याची भुवई पुसली आणि मग, त्याच पदराच्या दुसऱ्या टोकानं, भावाची मांडी दाबून धरली.

दादानं पटाशी घेतली. बाकाच्या कडेशी आजच्या खाचेची जागा अंगठ्यानं चाचपली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, पटाशी मास्तरांच्या डाव्या हातात दिली. मास्तरांनी खाच मारली. ती वाकडी गेली, शेजारच्या खाचेत घुसली, बाकाचा टवका उडाला.

"नासवलास बाक," दादा म्हणाला.

"दहा राहिले," मास्तर म्हणाले.